ऑनलाइन खरेदी-विक्री

संगणकजालाच्या द्वारे मालाची निवड, मागणी आणि बहुधा मूल्याचा भरणाही करण्याची व्यापारपद्धती. ग्राहक व विक्रेता समोरासमोर येत नसल्याने आधी माल की आधी पैसे, हा प्रश्न या व्यापाराच्या मुळाशी आहे.

हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. ॲरन माँटगोमेरी वॉर्ड याने १८७२ मध्ये शिकागो येथून सूचिपत्राद्वारे टपाली विक्री सुरू केली आणि पुढे नापसंत मालाचे पैसे परत करण्याची हमी दिली. भारतात टपाल खात्याने १८७७ मध्ये मूल्यदेय टपाल (व्ही. पी.) पद्धती सुरू केली. तीनुसार पोस्टमन किंमत वसूल करून पुडके देई व ती रक्कम विक्रेत्याकडे पोहोचविली जाई. ग्राहकास आगाऊ पैसे पाठवावे लागत नसत. मात्र पुडक्यात काय आहे, हे पैसे दिल्यावरच कळे.

इंग्लंडमध्ये मायकेल ऑल्ड्रिच याने १९७९ मध्ये दूरचित्रवाणी संच दूरध्वनीच्या तारेने संगणकास जोडून घरबसल्या खरेदीची सोय दाखवून दिली. या व्यापारास जागतिक स्वरूप आले ते वर्ल्ड वाइड वेबमुळे. ऑगस्ट १९९४ मध्ये अमेरिकेत एका ध्वनितबकडीच्या विक्रीत क्रेडिट कार्डाचा तपशील सांकेतिक रूपात पाठविण्यात आला. त्यामुळे तो वाटेत इतरांस वाचता येणे दुष्कर झाले. १९९५ मध्ये ॲमेझॉनने पुस्तकविक्री सुरू केली. त्याच वर्षी निघालेल्या ईबे या लिलावस्थळाने १९९६ मध्ये ग्राहक व विक्रेते यांचे परस्परांविषयीचे अभिप्राय सर्वांस खुले केले. अपरिचिताची पत जोखण्याचे ते साधन ठरले; तथापि खोट्या अभिप्रायांमुळे त्यासही मर्यादा पडल्या.

भारतात आंतरजाल सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी जनतेस उपलब्ध झाली. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये इलेक्ट्रॉनिक नोंदींना वैधानिक मान्यता मिळाली, तर २००२ पासून रेल्वेची तिकिटे आंतरजालावर मिळू लागली. तरीही कार्ड नसलेला वा आगाऊ पैसे देण्यास न धजणारा मोठा वर्ग बाहेरच होता. बंगलोर येथे २००७ मध्ये स्थापन झालेल्या फ्लिपकार्टने २०१० मध्ये माल हाती आल्यावर रोख देण्याची सोय केली. हे व्ही. पी.चेच तत्त्व होय. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयमुळे भरणा सुलभ झाला, तशा फसवणुकीच्या वाटाही वाढल्या. यूपीआयचा गुप्त क्रमांक पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी नव्हे, हे ठाऊक नसलेले अनेक विक्रेते ठकविले गेले.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ व त्याखालील २०२० चे नियम यांनुसार विक्रेत्याचा तपशील देणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे व तिचे निवारण महिन्याभरात करणे बंधनकारक झाले. तसेच विक्रेता कोठेही असला, तरी ग्राहकास आपल्या निवासाच्या ठिकाणच्या आयोगाकडे दाद मागता येऊ लागली.