अंधारातील ज्योत आणि मराठी ख्रिस्ती उपासना

१

ईस्टरच्या पूर्वरात्री कॅथलिक देवळातील सर्व दिवे मालविले जातात. देवळाबाहेर नवा अग्नी पेटविण्यात येतो आणि त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती प्रज्वलित होते. ती हाती घेऊन धर्मगुरू काळोख्या देवळात प्रवेश करतात, तीन वेळा थांबून ख्रिस्ताच्या प्रकाशाची घोषणा करतात, आणि त्या एका ज्योतीवरून उपासकांच्या हातांतील मेणबत्त्या एकामागून एक उजळत जातात. प्रकाश वाटला तरी मूळ ज्योत उणी होत नाही, ही गोष्ट कोणत्याही प्रवचनावाचून लहान मुलासही कळते. मृत्यूच्या अंधारानंतर जीवन, निराशेनंतर आशा, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा ह्या विधीत डोळ्यांनी पाहावयास मिळतो.

विधी जुना आहे. परंतु त्याचा जो अनुभव आज मराठी उपासकास येतो तो मात्र फार जुना नाही. प्रस्तुत लेखात ह्या अनुभवाची घडण कशी झाली, ह्याचा विचार करावयाचा आहे. मराठी भाषेत प्रकाशाची ही कथा सतराव्या शतकाच्या आरंभीच अवतरली होती. असे असता कथा आणि विधी ह्यांची भेट होण्यास सुमारे साडेतीनशे वर्षे का लागली, आणि त्या अवधीत ‘अंधार’ ह्या शब्दाचा अर्थ कसा पालटत गेला, हे दोन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत.

२

प्रथम विधीचा इतिहास पाहू. प्राचीन ख्रिस्तमंडळात हे जागरण खरोखरच रात्रीचे होते. मध्ययुगाच्या अखेरीस ते हळूहळू अलीकडे सरकत शनिवारच्या सकाळी येऊन ठेपले. दुपारनंतर मिस्सा अर्पण करण्यास सोळाव्या शतकात पाचव्या पायस पोपने मनाई केल्यावर ही सकाळची वेळ पक्की झाली. परिणामी गोवा, वसई व साष्टी येथे पोर्तुगीज अमदानीत जी देवळे उभी राहिली, त्यांत अंधारावर प्रकाशाने मिळविलेल्या विजयाचा हा विधी भर दिवसाउजेडी होत असे. सूर्य वर आलेला असताना मेणबत्तीच्या ज्योतीचे स्तवन होई, तेही लॅटिनमध्ये. तीन फाट्यांची एक मेणबत्ती काठीवर लावून ती टप्प्याटप्प्याने पेटवीत; उपासकांच्या हाती दिवे देण्याची योजना त्या विधीत नव्हती. तात्पर्य, प्रतीकाला आवश्यक असलेला अंधार नाही, शब्दांचा अर्थ कळत नाही, आणि स्वतःच्या हाती ज्योत नाही, अशा तिहेरी अंतरावरून कोकणातील श्रावक हा सोहळा पाहत होता.

३

मग प्रकाशाची कथा त्याच्यापर्यंत पोहोचली ती कोणत्या मार्गाने? ह्याचे उत्तर फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त सापडते. इंग्लंडातील विल्टशरमध्ये जन्मलेले हे जेझुइट धर्मगुरू १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले व १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच भूमीत राहिले. त्यांचे पुराण १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ह्या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणातील ३६ अवस्वरूंत विश्वोत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या आगमनाची वाट पाहण्यापर्यंतची कथा येते. दुसऱ्या पुराणाच्या ५९ अवस्वरूंत येशूचे चरित्र येते. ग्रंथाची ही रचनाच प्रतीक्षा आणि पूर्ती अशी आहे. आरंभीच्या निर्मितीतील प्रकाश, मानवाच्या पतनानंतरचा दीर्घ काळोख, बेथलेहेमच्या मेंढपाळांना रात्री दिसलेले तेज आणि पुनरुत्थानाची पहाट, असा तिचा क्रम लावता येतो. जागरणविधीतील वाचनांचा ओघही निर्मितीपासून पुनरुत्थानाकडेच जातो, हे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

हे पुराण देवळांतून रविवारी व सणावारी वाचले जाई. ओवी हा मराठी कानांना ज्ञानेश्वरांपासून परिचित असलेला छंद. ‘ज्ञानेश्वरी’च्या अखेरच्या पसायदानात पापाचा काळोख नाहीसा व्हावा आणि विश्वाने स्वधर्मरूपी सूर्य पाहावा, अशी मागणी आहेच. ज्या समाजाच्या प्रार्थनेत अंधार आणि सूर्य ह्यांची भाषा तीन शतके मुरलेली होती, त्या समाजाला स्टीफन्स ह्यांनी त्याच्याच छंदात नवी कथा ऐकविली. विधी डोळ्यांपुढे लॅटिनमध्ये आणि कथा कानांवर मराठीत, अशी ही विभागणी होती. आशा कानांवाटे आली, असे म्हणावयास हरकत नाही.

४

परंतु येथेच इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून विचार केला पाहिजे. प्रकाशाचे रूपक निरुपद्रवी नसते. प्रकाश कोणाकडे आहे हे एकदा ठरले, की अंधार कोणाकडे आहे हेही आपोआप ठरते. साष्टीतील देवालये १५६७ मध्ये उद्ध्वस्त करण्यात आली होती. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन चालू होते. जुनी पुराणे बाळगण्यास व वाचण्यास बंदी होती. राज्यकर्त्यांच्या लेखी हे अंधाराचे निर्मूलन होते. ज्यांच्या घरातून ग्रंथ गेले त्यांना मात्र तो अंधार वाटला असल्यास नवल नाही.

ह्याचा पुरावा खुद्द ‘ख्रिस्तपुराणा’तच आहे. पहिल्या अवस्वरूत स्टीफन्स ग्रंथाचे निमित्त सांगतात. मुलांना ख्रिस्ती शिकवण देणे चालू असता एक ब्राह्मण पुढे येतो आणि विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही काढून घेतलीत, तर त्यांच्या जागी आम्ही वाचावयाचे काय? हा प्रसंग जसाच्या तसा घडला असेल अथवा ग्रंथारंभाची ती एक रीत असेल. दोन्ही पक्षी त्याचे महत्त्व कमी होत नाही. पोकळी निर्माण झाली आहे ही गोष्ट ग्रंथकार मान्य करतो आणि ती भरण्यासाठी परकी भाषा न आणता श्रोत्याचीच भाषा आणि श्रोत्याचाच वाङ्मयप्रकार स्वीकारतो. स्टीफन्स त्या राजवटीच्या छायेतच वावरत होते हे खरे. तथापि ज्याच्याकडून ग्रंथ हिरावले गेले त्याचा प्रश्न त्यांनी आपल्या ग्रंथाच्या दारातच नोंदवून ठेवला, हेही तितकेच खरे आहे.

पुढे ह्या पुराणावरही तीच वेळ आली. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर ह्याने स्थानिक भाषेचा वापर सोडून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज भाषा स्वीकारावी, असा हुकूम काढला. छापील प्रती इतक्या नाहीशा झाल्या, की तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. पुराण टिकले ते हातांनी उतरून घेतलेल्या प्रतींच्या आधारावर. गोव्यातून कानडा प्रदेशात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते बरोबर नेले. टिपू सुलतानाने १७८४ मध्ये मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणास बंदिवासात नेले. १७९९ पर्यंतच्या त्या काळात ह्या पुराणाने त्यांना धीर दिला, अशी परंपरा सांगतात. ह्याच हस्तलिखितांच्या आधारे जे. एल. साल्ढाणा ह्यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे रोमन लिपीतील आवृत्ती सिद्ध केली. देवनागरी हस्तलिखित लंडनमधील मार्स्डेन संग्रहात असल्याचे जस्टिन ॲबट ह्यांनी १९२३ मध्ये विद्वानांच्या निदर्शनास आणले, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू ह्यांच्या संपादनाने देवनागरी आवृत्ती पुण्यात प्रसिद्ध झाली. अंधाराचा नाश करण्याच्या नावाखाली जेथे ग्रंथ गेले, तेथेच निर्माण झालेला ग्रंथ पुढे तशाच आपत्तीतून सामान्य कुटुंबांनी वाचविला, हा ह्या कथेतील विचार करावयास लावणारा भाग होय.

५

नुकतेच उल्लेखिलेले ॲबट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी आणि मराठी संतवाङ्मयाचे इंग्रजी अनुवादक. त्यांच्या मिशनच्या द्वारे आपण मराठी ख्रिस्ती उपासनेच्या दुसऱ्या प्रवाहाकडे येतो. ह्या मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. १८३१ मध्ये अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे त्यांचे केंद्र सुरू झाले. आणि १८४२ मध्ये तेथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. नावातील ‘उदय’ हा शब्द सूर्योदयाचाच. आरंभीच्या मिशनरी लिखाणात हिंदू धर्म म्हणजे अंधार आणि ख्रिस्ती धर्म म्हणजे उजेड, ही विभागणी पुष्कळदा सरसकट केलेली आढळते. प्रॉटेस्टंट उपासनेत मेणबत्तीच्या विधीला फारसे स्थान नव्हते; तेथे प्रकाश शब्दांत होता, विशेषतः गीतांत.

ह्या गीतांना निराळे वळण दिले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनी. १८९५ मध्ये मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९१२ पासून अखेरपर्यंत ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. त्यांची अनेक गीते ‘उपासना संगीत’ ह्या संग्रहात समाविष्ट असून आजही मराठी मंडळ्यांत गाइली जातात. तुकारामांच्या मार्गाने आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भूमिका होती. संतांची भक्ती ही त्यांच्या लेखी ख्रिस्ताकडे येण्याची पूर्वतयारी होती. ह्या भूमिकेचा परिणाम रूपकावर होणे अपरिहार्य होते. पूर्वजांचा वारसा हा पूर्वप्रकाश असेल, तर अंधार दुसऱ्याच्या धर्मात शोधता येत नाही. तो मग माणसाच्या अहंकारात, भयात आणि दुःखात शोधावा लागतो. अभंग, कीर्तन आणि भजन हे प्रकार ख्रिस्ती उपासनेत रुजले ते ह्याच दृष्टीमुळे.

आशेचा संबंध केवळ रूपकाशी नव्हता, ह्याचे स्मरण पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) ह्यांच्या केडगाव येथील मुक्ती सदनावरून होते. शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत निराधार झालेल्या मुली व स्त्रिया तेथे आश्रयास आल्या. अंधांसाठीही तेथे सोय झाली. जिला मेणबत्तीची ज्योत दिसतच नाही तिच्या दृष्टीने प्रकाश म्हणजे अन्न, हाताला काम आणि बोटांनी वाचता येणारे अक्षर. उपासनेतील शब्दाची कसोटी अशा ठिकाणी लागत असते.

६

विसाव्या शतकाच्या मध्यास दोन्ही प्रवाहांना जोडणारे बदल रोममध्ये घडले. बाराव्या पायस पोपने १९५१ मध्ये ईस्टरचे जागरण प्रायोगिक स्वरूपात पुन्हा रात्री करण्यास अनुमती दिली; १९५५ च्या आदेशाने १९५६ पासून ही सुधारणा सर्वत्र लागू झाली. ह्याच सुधारणेत पास्काची मेणबत्ती स्वतःच मिरवणुकीत आली, उपासकांच्या हाती मेणबत्त्या आल्या आणि बाप्तिस्म्याच्या वचनांचे पुनरुच्चारण आले. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक दस्तऐवज मंजूर करून लोकभाषेला द्वार उघडले. अंधार परत मिळाला, ज्योत हाती आली आणि शब्द मराठी झाले. आरंभी उल्लेखिलेले तिहेरी अंतर अवघ्या काही वर्षांत नाहीसे झाले.

२८ ऑक्टोबर १९६५ रोजी त्याच परिषदेने अन्य धर्मांविषयीच्या घोषणेत त्या धर्मांतही सर्व मानवांना उजळणाऱ्या सत्याचा किरण प्रतिबिंबित होतो, अशा आशयाचे विधान केले. प्रकाशाच्या रूपकाला चारशे वर्षे चिकटलेला विजेत्याचा सूर येथे अधिकृतपणे सोडून देण्यात आला. टिळकांनी मराठीत जे अर्धशतकापूर्वी गाऊन दाखविले होते, त्याच्याशी ह्या विधानाचे नाते सहज जुळते.

७

ह्या पार्श्वभूमीवर ठाण्याच्या खाडीपलीकडील नव्या मुंबईकडे पाहणे उद्बोधक ठरते. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. अर्थात वाशी, नेरूळ ह्यांसारख्या नव्या वसाहतींतील ख्रिस्ती मंडळ्यांचा सारा इतिहास परिषदेनंतरचा आहे; सकाळच्या उजेडातील लॅटिन जागरण त्या वसाहतींनी पाहिलेच नाही. परंतु ‘लोकभाषा’ म्हणजे कोणती भाषा, हा प्रश्न तेथे नव्याने उभा राहतो. गोवा, मंगळूर, केरळ, तमिळनाडू आणि महाराष्ट्राचे जिल्हे येथून आलेली कुटुंबे तेथे शेजारी राहतात. इंग्रजी, मल्याळम, तमिळ, कोकणी आणि मराठी ह्या भाषांत मराठी ही तेथे प्रदेशाची भाषा असली तरी उपासनेत अनेकांपैकी एक आहे. वसईत, जेथे १९९८ मध्ये स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला, मराठी उपासनेला गावाचा आधार आहे. नव्या शहरात तो आधार उपासकांनाच निर्माण करावा लागतो.

साष्टीतील त्या ब्राह्मणाचा प्रश्न येथे निराळ्या वेषात परत येतो. गाव मागे राहिले, आजीची गीते मागे राहिली. आता मुलांनी म्हणावयाचे काय? त्या वेळी ग्रंथ बळाने काढून घेतले गेले होते, आज भाषा कोणी हिरावून घेत नाही; ती सोयीसाठी नकळत सुटते. उत्तर मात्र पूर्वीचेच आहे. हस्तलिखिते उतरून घेणाऱ्या कुटुंबांनी ते दिले होते: जे प्रिय आहे ते स्वतःच्या हाताने पुढे द्यावे. ईस्टरच्या रात्री शेजाऱ्याच्या वातीला आपली वात लावताना उपासक हेच करीत असतो. त्या ज्योतीचा इतिहास अभ्यासणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की ती देताना हात कोणाचा होता आणि भाषा कोणती होती, हेही प्रकाशाइतकेच महत्त्वाचे आहे.