दहा डॉलरची मच्छरदाणी

बास्केटबॉलमध्ये एक फार देखणा क्षण असतो. लांबून टाकलेला बॉल लोखंडी रिंगला जरासुद्धा न शिवता थेट जाळीतून खाली येतो. अमेरिकेत त्याला 'नथिंग बट नेट' म्हणतात, म्हणजे बॉल फक्त जाळीलाच लागला. १ मे २००६ च्या 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'मध्ये रिक रायली नावाच्या स्तंभलेखकाने याच शब्दांवर कोटी करून आपल्या कॉलमला नाव दिलं 'नथिंग बट नेट्स'. विषय मात्र होता मलेरिया!

त्याचं म्हणणं अगदी साधं होतं. आफ्रिकेत लहान मुलं मलेरियाने मरताहेत. मच्छरदाणीने ती वाचू शकतात. एक मच्छरदाणी पोचवायला दहा डॉलर पुरतात. तेव्हा ज्यांचा ज्यांचा जाळीशी कधी संबंध आला असेल (बास्केटबॉल, टेनिस, मासेमारी, काहीही चालेल) त्यांनी दहा डॉलर पाठवावेत. बस्स. खेळाच्या मासिकातल्या त्या एका कॉलममुळे दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम जमा झाली. मग युनायटेड नेशन्स फाउंडेशनने याच नावाची मोहीम उभी केली, एनबीए आणि मेथडिस्ट चर्चवाले सोबत आले, आणि शाळा-कॉलेजातल्या पोरांनी ती उचलून धरली. कुठे बास्केटबॉलचे सामने भरवून, कुठे केक विकून, कुठे नुसता डबा फिरवून. एका पाचेक वर्षांच्या मुलीने पिझ्झाच्या खोक्यात झोपडी मांडली, त्यात बाहुल्या झोपवल्या, एक डास सोडला, आणि तो खेळ लोकांना दाखवत हजारो डॉलर उभे केले.

विद्यार्थ्यांच्या निधीची ही पहिली लाट नव्हती. रॉब मॅदर या इंग्लिश गृहस्थाने २००३ साली टीव्हीवर एका भाजलेल्या मुलीची गोष्ट पाहिली आणि तिच्यासाठी मित्रांबरोबर पोहून पैसे जमवायचं ठरवलं. बघता बघता त्या पोहण्यात हजारो लोक सामील झाले. इतके लोक पोहायला तयार असतील तर आणखी मोठा प्रश्न का घेऊ नये, असं म्हणून त्याने डिसेंबर २००५ मध्ये मलेरियासाठी जगभर पोहण्याचा दिवस ठरवला. सुमारे अडीच लाख लोक पोहले. त्यातूनच 'अगेन्स्ट मलेरिया फाउंडेशन' वाढली.

आता हिशोब करू. जून २००५ मध्ये बुश यांनी अमेरिकन सरकारचा मलेरिया कार्यक्रम जाहीर केला, तो पाच वर्षांत १२० कोटी डॉलरचा. रायलीचे दहा लाख म्हणजे त्याचा हजारावा भाग जेमतेम. मग पोरांच्या या दहा-दहा डॉलरनी असं काय मोठं झालं?

माझ्या मते, दोन गोष्टी झाल्या. एक चांगली आणि एक घोळाची.

आधी चांगली. अमेरिकेतून मलेरिया १९५१ च्या सुमारास संपला. अटलांटातली सीडीसी ही प्रसिद्ध संस्था तर १९४६ साली मुळात मलेरियाच्याच कामातून जन्माला आली. पण जो रोग आजोबांबरोबर गेला तो नातवाला कसा कळणार? आपल्याकडे प्रत्येक घरात मलेरियाची एखादी हकीकत असते, तिथे नाही. शिवाय आकडा लाखांत गेला की माणूस सुन्न होतो आणि पान उलटतो. 'दहा डॉलर = एक मच्छरदाणी' या समीकरणाने त्या प्रचंड आकड्याचा विद्यार्थ्याच्या खिशाला झेपेल असा तुकडा पाडला. पुढची दहा वर्षं या खर्चाला अमेरिकेत दोन्ही पक्षांचा पाठिंबा टिकला. त्याचं सगळं श्रेय पोरांना देणं भाबडेपणाचं होईल, पण हा रोग घराघरात माहीत झाला होता हे त्यामागे असणारच.

आणि समीकरण हवेतलं नव्हतं बरं का. मलेरियाचा डास, म्हणजे अ‍ॅनोफिलीसची मादी, मुख्यतः रात्री चावते. साधी जाळी तिला फक्त अडवते. कीटकनाशक लावलेली जाळी तिला मारते. झोपलेल्या माणसाच्या वासाने ती येते, जाळीवर बसते आणि खलास. म्हणजे आतला माणूस एक प्रकारे आमिष असतो! गांबियात १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लहान मुलांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटलेले दिसले. नंतर घाना, केनिया वगैरे ठिकाणच्या मोठ्या चाचण्यांची सरासरी काढल्यावर घट १७ टक्क्यांच्या आसपास आली. पहिल्यापेक्षा बरीच कमी, तरी एका जाळीसाठी जबरदस्त. केनियातच आणखी एक गोष्ट दिसली. जाळी वापरणाऱ्या घरांपासून ३०० मीटरच्या आत राहणाऱ्या, स्वतःकडे जाळी नसलेल्या शेजाऱ्यांनाही फायदा होत होता, कारण परिसरातले डासच कमी झाले होते.

आता घोळाची गोष्ट. समीकरणाच्या उजव्या बाजूला 'मच्छरदाणी' होती, 'वाचलेलं मूल' नव्हतं. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. तिकीट क्लोज झालं म्हणजे बग गेला असं नाही. जाळी गावात पोचली, पण खोक्यातच राहिली तर? तिने मासे पकडले तर?

यावरून त्या काळात अर्थशास्त्रज्ञांची चांगलीच जुंपली होती. विल्यम ईस्टर्ली म्हणायचे, फुकट वाटलेल्या वस्तूची किंमत राहत नाही. थोडे तरी पैसे घ्या, म्हणजे ज्याला खरी गरज आहे तोच घेईल आणि वापरेल. जेफ्री सॅक्स म्हणायचे, ज्याच्याकडे पैसेच नाहीत त्याच्याकडून कसले घेता, सरळ वाटा. दोघांचंही ऐकताना पटतं, हीच पंचाईत. आपल्याकडेही 'फुकटचं पचत नाही' हे आपण किती सहज बोलून जातो!

मग जेसिका कोहेन आणि पास्कलिन ड्युपा या दोघींनी वाद न घालता प्रयोग केला. पश्चिम केनियातल्या दवाखान्यांत गरोदर बायकांना जाळ्या वेगवेगळ्या भावाने देऊ केल्या. काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी जास्तीत जास्त ४० शिलिंग, म्हणजे सुमारे ६० सेंट. निकाल? फुकटऐवजी ६० सेंट म्हटल्यावर जाळी घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्के-बिंदूंनी कोसळलं. आणि फुकट घेणाऱ्या बायका पैसे देणाऱ्यांपेक्षा ती कमी वापरत होत्या असंही दिसलं नाही. साठ सेंट! एवढ्याने बहुतेक बायका मागे फिरल्या. ज्यांना आपण बेफिकीर म्हणणार होतो, त्या फक्त गरीब होत्या.

शेजाऱ्याला होणारा फायदा इथे जोडून बघा. माझी जाळी तुलाही वाचवत असेल, तर तिचे पैसे माझ्या एकट्याकडून का घ्यायचे? जागतिक आरोग्य संघटनेनेही ऑगस्ट २००७ मध्ये जाळ्या फुकट किंवा अगदी नाममात्र दरात, आणि मुलं-गरोदर बायकांपुरत्या न ठेवता सगळ्यांना द्याव्यात अशी भूमिका घेतली. म्हणजे डबा फिरवणारी पोरं, अर्थशास्त्राचा गंध नसताना, बरोबर बाजूला होती.

उरला प्रश्न 'माझी जाळी गेली कुठे?' हा. देणगीदाराचा हा भाबडा प्रश्न मॅदर यांच्या संस्थेने मनावर घेतला. तुमच्या पैशाच्या जाळ्या कोणत्या देशातल्या कोणत्या वाटपात गेल्या ते ती दाखवते, आणि वाटपानंतर काही महिन्यांनी घरोघर जाऊन जाळी टांगलेली आहे का हे तपासून घेते. मला तरी सगळ्या कथेतलं हे सर्वात मोलाचं काम वाटतं. दहा डॉलरवाल्याला साहेबासारखा रिपोर्ट मिळू लागला.

परिणाम काय? सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत २००० साली पाच वर्षांखालच्या १०० मुलांपैकी दोनसुद्धा अशा जाळीत झोपत नव्हती. २०१५ साली ६८ झोपत होती. त्या १५ वर्षांत आफ्रिकेत मलेरियाच्या सुमारे ६६ कोटी केसेस टळल्या, आणि त्यातल्या दोन-तृतीयांश जाळ्यांमुळे, असा २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे.

इथे 'शेवट गोड' म्हणून थांबता आलं असतं. पण २०२३ मध्येही मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं गेली, बहुतेक आफ्रिकेतली लहान मुलं. डास जुन्या कीटकनाशकांना सरावलेत, म्हणून दोन औषधांच्या नव्या जाळ्या आल्यात. जोडीला लस आली. ऑक्सफर्डची आर-२१ ही लस बनते आपल्या पुण्यात, सिरममध्ये, आणि डोसची किंमत चार डॉलरच्या आत. त्याच वेळी २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत अचानक गोठवली, आणि वर्षानुवर्षं जमलेली घडी विस्कटली.

म्हणून ही जुनी गोष्ट आज आठवावीशी वाटली. जाळी साधारण तीन वर्षं टिकते. मग फाटते, औषध उतरतं, नवी लागते. म्हणजे मलेरियाची लढाई एकदा जिंकून मोकळं होण्यातली नाही, दर तीन वर्षांनी रिन्यू करण्यातली आहे. सरकारांची मर्जी फिरते, तेव्हा या रोगाची आठवण ठेवणारी आणि 'माझी जाळी गेली कुठे' असं विचारत राहणारी माणसं लागतात. विद्यार्थ्यांची नवी बॅच तर दरवर्षी येतेच. त्यांच्याकडे पैसे कमी असतात, पण प्रश्न विचारायला कुठे पैसे पडतात?