अंकुराचें टोंक

खिडकींत ठेवलेलें रोप उजेडाकडे कलतें, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. परंतु उजेड कोणत्या बाजूस आहे हें त्या रोपाचा कोणता भाग जाणतो, हा प्रश्न सहसा कोणास पडत नाहीं. चार्ल्स डार्विन यास तो उतारवयांत पडला. केंट परगण्यांतील डाऊन गांवीं, राहत्या घरींच, पुत्र फ्रान्सिस याच्या साह्यानें त्यानें प्रयोग केले. त्यांवरील ग्रंथ १८८० सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां तो ७१ वर्षांचा होता.

साधनें पाहावीं तर हंसूं यावें अशीं! पिंजऱ्यांतील पांखरांस घालतात तें कॅनरी-गवताचें बीं, कथलाचा पातळ पत्रा, कांच आणि बारीक काळी वाळू. कोवळ्या अंकुराच्या टोंकावर पत्र्याची टोपी घातली, कीं तो उजेडाकडे वळेना. उलट, अंकुर वाळूंत पुरून केवळ टोंक उघडें ठेवलें, तर अंधारांत गाडलेला भागहि वांकलेला आढळे. तेव्हां जाणतें तें टोंक, वांकतो तो खालचा भाग, आणि टोंकाकडून कांहींतरी प्रभाव खालीं उतरतो, असें पितापुत्रांनीं अनुमान काढलें.

वुर्ट्झबुर्गचा ज्युलियस साक्स हा त्या काळीं या शास्त्रांतला अग्रणी. फ्रान्सिस त्याच्याच प्रयोगशाळेंत काम शिकलेला. म्हणून त्याचा घाव अधिकच झोंबणारा. मुळांच्या टोंकांवर डार्विन पितापुत्रांनीं केलेले तशाच धर्तीचे प्रयोग अकुशल हातांचे असून त्यांचा अर्थहि चुकीचा लावला आहे, असा शेरा त्यानें मारला. साक्सची बाजू अगदींच लंगडी नव्हती. वनस्पतींच्या साऱ्या हालचाली शेंड्याच्या एकाच मूळ घुमण्यांतून निघाल्या, हा ग्रंथाचा मुख्य सिद्धान्त पुढें टिकला नाहीं. टिकलें तें अंकुराचें टोंक.

डेन्मार्कच्या बॉयसन-येन्सन यानें १९१३ च्या सुमारास टोंक कापून मध्यें जिलेटिनचा थर दिला व तें पुन्हां बसविलें. तरीहि अंकुर वळला. म्हणजे उतरणारी वस्तु जिलेटिनमधून झिरपणारी होती. १९२६ सालीं यूट्रेक्ट येथें फ्रिट्स वेंट हा तरुण दिवसां लष्करी नोकरी करून रात्रीं वडिलांच्या प्रयोगशाळेंत खपत असे. आपण चायना ग्रास म्हणतों त्या अगरच्या थिजविलेल्या तुकड्यावर त्यानें ओटच्या अंकुरांचीं छाटलेलीं टोंकें ठेविलीं. मग तीं काढून टाकून नुसता अगरचा तुकडा दुसऱ्या बिनटोंकी अंकुराच्या एका कडेवर बसविला. काळोखांतच तो अंकुर विरुद्ध बाजूस वांकला. या वस्तूस पुढें ऑक्झिन हें नांव मिळालें. सावलीच्या बाजूस ती अधिक सांचते, तेथील पेशी अधिक लांबतात, आणि रोप उजेडाकडे झुकतें.

चार्ल्स डार्विन १८८२ सालीं व साक्स १८९७ सालीं निवर्तला होता. फ्रान्सिस मात्र वेंटच्या प्रयोगाच्या आदल्याच वर्षीं, १९२५ सालीं, वारला.