पोलादाचे पाणी व पोलादाचा रंग : जुन्या सहाबारी पिस्तुलांवरील एका संस्काराचा विचार

विळ्याला, कोयत्याला किंवा तलवारीला ‘पाणी देणे’ हा प्रयोग मराठीत इतका रुळला आहे, की त्यामागील धातुविद्येकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ‘पाणीदार’ हे विशेषण माणसाला लागते, शत्रूचे ‘पाणी जोखले’ जाते. परंतु हे पाणी मुळात लोहाराच्या भट्टीजवळील कुंडातले आहे. तापवून लाल केलेले पोलाद पाण्यात बुडविले असता कठीण होते, या अनुभवातून ही शब्दसंपत्ती जन्मास आली. पोलादास ‘तिखे’ हे जुने मराठी नाव आहे, तेही त्याच्या धारेचाच गुण सांगते. पाणी देण्याच्या या क्रियेत धातूवर काही वेळा रंगही उमटतो. एकोणिसाव्या शतकातील पिस्तुलांवर आणि बंदुकांच्या चापपट्ट्यांवर निळा, जांभळा, तपकिरी व पिवळसर छटांचा जो ढगाळ पट दिसतो, तो या क्रियेचाच अवशेष होय. हा रंग कसा उत्पन्न होतो, त्याची परंपरा कोठवर मागे जाते, आणि इतिहासाचे साधन म्हणून त्यावर कितपत विसंबावे, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

१. क्रियेचे स्वरूप

शुद्ध घडीव लोखंड चिवट असते, पण मऊ असते. त्यात कर्बाचे प्रमाण फार अल्प असल्यामुळे ते कितीही तापवून पाण्यात बुडविले तरी फारसे कठीण होत नाही. उलट, ज्यात कर्ब पुरेसा आहे असे पोलाद पाण्याने कठीण होते. मात्र ते ठिसूळही बनते. शस्त्र घडविणाऱ्यास दोन्ही गुण हवे असतात. बार उडताना बसणारा धक्का सोसण्यासाठी गाभा चिवट हवा, आणि जेथे एक भाग दुसऱ्यावर घासतो तेथे पृष्ठभाग कठीण हवा. या अडचणीतून निघालेला मार्ग म्हणजे पृष्ठकठिनीकरण.

या पद्धतीत मऊ लोखंडाचा पूर्ण घडविलेला भाग लोखंडी पेटीत ठेवून त्याच्याभोवती लाकडी कोळसा व जाळलेल्या हाडांचा कोळसा ठासून भरतात. काही कारागीर त्यात जळलेले चामडेही मिसळत. पेटी बंद करून ती काही तास लाल उष्णतेत, म्हणजे सुमारे ७०० ते ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास, ठेवली जाते. आत कोळशापासून कर्बयुक्त वायू तयार होतो आणि त्यातील कर्ब लोखंडाच्या पृष्ठभागात मुरतो. अशा रीतीने मऊ गाभ्यावर पोलादाचे पातळ कवच तयार होते. शेवटी पेटी पाण्याच्या टाकीवर, पृष्ठभागाच्या अगदी जवळ नेऊन उघडतात. भाग हवेत न रेंगाळता कोळशासकट थेट पाण्यात पडतो आणि कवच कठीण होते.

रंगाचे रहस्य या अखेरच्या क्षणात आहे. टाकीतील पाण्यात हवेचे बुडबुडे खेळते ठेवले असतील तर तप्त पृष्ठभागाशी प्राणवायूचा ठिकठिकाणी कमीअधिक संबंध येतो आणि तेथे लोखंडाच्या ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर बसतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असते. थराच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परावर्तित होणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून काही रंग मावळतात, काही उठून दिसतात. थर अतिशय पातळ असेल तेथे पिवळसर, थोडा जाड असेल तेथे जांभळा, त्याहून जाड असेल तेथे निळा रंग भासतो. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात त्याचेही कारण हेच. म्हणजे येथे कोणताही रंग बाहेरून लावलेला नसतो. म्हणूनच दोन भागांवरील नक्षी कधीही तंतोतंत एकसारखी नसते.

गावचा लोहार किंवा पाल ठोकून राहणारा घिसाडी हे रंग नित्य पाहतो. कठीण केलेल्या कोयत्याचा ठिसूळपणा कमी करण्यासाठी तो त्यास पुन्हा हळूहळू ऊब देतो. पृष्ठभाग सुमारे २३० अंशांवर गवती पिवळा होतो आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा. नेमक्या रंगावर तो थांबतो. त्याच्या दृष्टीने रंग हे उष्णता मोजण्याचे साधन असते. काम झाले की सहाणेवर तो घासून जातो. पिस्तूल बनविणाऱ्याने मात्र तोच रंग जपून ठेवला. या दोन व्यवहारांत शास्त्राचा फरक नाही, हेतूचा आहे.

२. परंपरेची प्राचीनता

लोखंडाचा पृष्ठभाग प्राणिज पदार्थांच्या साहाय्याने कठीण करण्याची कल्पना कारखान्यांच्या युगाहून पुष्कळ जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तील खड्गविषयक प्रकरणात तलवारीला द्यावयाच्या पाण्याचे अनेक प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी एकात रुईचा चीक, मेंढ्याच्या जाळलेल्या शिंगाची मषी आणि पारव्याची व उंदराची विष्ठा यांचा लेप सांगितला आहे. दुसऱ्यात केळीची राख ताकात कालवून वापरण्याची रीत आहे. अशा शस्त्राची धार दगडावरही मोडत नाही, असे फल वर्णिले आहे. वरवर पाहता हा तोडगा वाटतो. परंतु शिंग व विष्ठा यांत कर्ब आणि नत्र दोन्ही असतात, आणि ही दोन्ही मूलद्रव्ये तप्त लोखंडाच्या पृष्ठभागास कठीण करतात, हे आज सिद्ध आहे. ग्रंथकाराला कारण ठाऊक नव्हते. पण ज्या कारागिरांच्या अनुभवावर हा मजकूर आधारलेला असावा, त्यांना परिणाम ठाऊक होता.

युरोपात बाराव्या शतकातील थिओफिलस या लेखकाने कानशी कठीण करण्यासाठी बैलाच्या जाळलेल्या शिंगाची पूड व मीठ वापरण्याची कृती दिली आहे. वराहमिहिराच्या कृतीशी तिचे साम्य लक्षणीय असले, तरी त्यावरून एकाने दुसऱ्याकडून उसने घेतले असे अनुमान काढणे योग्य नव्हे. शिंग, हाड व चामडे प्रत्येक वस्तीत उपलब्ध असतात आणि भट्टीपाशी प्रयोग करणारा कारागीरही सर्वत्र असतो. १७२२ मध्ये फ्रान्समधील रेओम्यूर याने घडीव लोखंडाचे पोलाद करण्याच्या विद्येवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १७८६ मध्ये व्हांडरमाँद, बर्तोले व मोंज यांनी लोखंड व पोलाद यांतील भेदाचे मूळ कर्बात आहे हे दाखवून दिले. कारागिरांचे ज्ञान व शास्त्रज्ञांचे ज्ञान यांमध्ये येथे हजार वर्षांहून अधिक अंतर पडलेले दिसते.

या ठिकाणी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. दख्खनचे पोलाद म्हणून ज्याची ख्याती झाली, जे कोनसमुद्रम्‌सारख्या ठिकाणी मुशीत तयार होऊन इराणपर्यंत जात असे, त्यात कर्ब सर्वांगी असतो. त्यापासून घडविलेल्या पात्यावर दिसणारा ‘जोहर’ ही धातूच्या अंतर्रचनेची नक्षी होय. घासून पुन्हा योग्य उपचार केल्यास ती पुन्हा प्रकटते. पृष्ठकठिनीकरणातला रंग केवळ पृष्ठावर असतो आणि एकदा गेला की परत येत नाही. संग्रहालयातील नोंदींत या दोहोंची गल्लत होऊ देता कामा नये.

३. सहाबारी पिस्तूल

अमेरिकेतील सॅम्युएल कोल्ट याच्या १८५१ च्या नमुन्याच्या पिस्तुलात चौकट, घोडा व बार ठासण्याची दांडी हे भाग अशा रीतीने रंगीत कठीण केलेले असत, तर नळी व फिरते नळकांडे निळे केलेले असे. कोल्टने १८५३ मध्ये लंडन येथेही कारखाना सुरू केला; तो काही वर्षांतच बंद पडला. तथापि ही पिस्तुले ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाती पोहोचली आणि १८५७ च्या युद्धात कोल्ट व अ‍ॅडम्स या दोन्ही बनावटींची पिस्तुले हिंदुस्थानात वापरली गेली. कोल्टच्या पिस्तुलाचा घोडा प्रत्येक बारापूर्वी अंगठ्याने मागे ओढावा लागे. अ‍ॅडम्सचे पिस्तूल केवळ चाप ओढून चाले. ज्या एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांनी त्या वर्षी असंतोषाचा भडका उडविला, तिच्या १८५३ च्या नमुन्याची चापपट्टी व घोडादेखील याच रंगीत पद्धतीने कठीण केलेले असत.

या परंपरेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे कोल्टचे १८७३ चे पिस्तूल. अमेरिकी सैन्याने ते त्या वर्षी स्वीकारले आणि हार्टफर्ड येथील कारखान्यात त्याचे उत्पादन १९४० पर्यंत चालले. १९५६ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. पहिल्या कालखंडात साडेतीन लाखांहून अधिक नग तयार झाले. एवढ्या मोठ्या उत्पादनातही प्रत्येक चौकटीवरील रंगपट निराळा राहिला. यंत्रयुगाच्या ऐन भरात कोळसा, हाडे व पाणी यांवर अवलंबून असलेली ही हातची कला टिकून राहिली, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

४. कुलाबा जिल्हा व शस्त्रांचा कायदा

ही शस्त्रे ज्या काळात पश्चिमेकडे सर्रास विकली जात होती, त्याच काळात हिंदुस्थानात १८७८ चा अकरावा कायदा, म्हणजे शस्त्रांचा कायदा, अमलात आला. शस्त्र बाळगण्यास, घडविण्यास व विकण्यास परवाना आवश्यक ठरला. युरोपियनांना मात्र त्यातून सवलती होत्या. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले. फडके हे कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे १९८१ पासून रायगड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील, पनवेलनजीकच्या शिरढोणचे. त्यांचे सहकारी दौलतराव नाईक यांच्या टोळीने मे १८७९ मध्ये कोकणात उतरून पळस्पे व चिखली येथे छापे घातले. पेण तालुका तेथून दूर नाही. कायदा व बंड यांत सरळ कार्यकारणभाव जोडण्याची घाई करू नये. दुष्काळ व आर्थिक शोषण ही बंडाची कारणे अधिक खोल होती. परंतु शस्त्रांच्या बाबतीत राज्यकर्ता व प्रजा यांत जे अंतर पडले होते, ते या प्रसंगाने उघड होते.

कायद्याचा आणखी एक परिणाम कारागिरांवर झाला. शस्त्रांना उजाळा देणारा शिकलगार आणि पाती घडविणारा लोहार यांच्या विद्येचा एक भाग परवान्याच्या कक्षेत गेला. पाणी देण्याची कला नष्ट झाली नाही. ती विळा, कोयता, पहार व कुऱ्हाड यांत उरली. परंतु बंदुकीच्या सुट्या भागांवरील नव्या प्रक्रियांशी तिचा परिचय मोकळेपणाने होऊ शकला नाही. १८७८ चा कायदा रद्द करणारा १९५९ चा कायदा १९६२ मध्ये अमलात आला, तोवर या कारागिरांच्या कित्येक पिढ्या होऊन गेल्या होत्या.

ही विद्या जिल्ह्यात परतली ती वेगळ्या वाटेने. पेणजवळील रामवाडी येथे राज्य परिवहनाच्या रायगड विभागाची कार्यशाळा आहे. बसच्या गिअरपेटीतील चक्रांचे दाते कर्ब मुरवून कठीण केलेले असतात. गाभा चिवट, पृष्ठ कठीण, हे तत्त्व तेच. घाट चढताना त्या दात्यांवर येणारा भार आणि पिस्तुलाच्या चौकटीला बसणारा धक्का यांना एकाच उपायाने उत्तर दिले गेले आहे. फरक इतकाच, की येथे रंग जपण्याचे कारण कोणालाही नाही.

५. साधन म्हणून मूल्य

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, कोल्हापूरचा नवा राजवाडा येथे तसेच अनेक खाजगी घराण्यांत जुनी शस्त्रे आहेत. अशा शस्त्रांच्या अभ्यासकाने तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, रंग आहे म्हणून भाग मुळात कठीण केलेला होता किंवा रंग मूळचाच आहे, असे ठरत नाही. केवळ ज्योतीने तापवून किंवा रसायने लावून तत्सम छटा आणता येतात, आणि सायनाइडच्या क्षारात बुडवूनही पट्टेदार रंग मिळतो. झिजलेल्या कडांवरूनही रंग अखंड पसरला असेल, अथवा अक्षरांच्या कडा घासून बोथट झाल्या असताना रंग मात्र ताजा असेल, तर तो मागाहून चढविला असल्याची शंका घ्यावी.

दुसरी, रंग नाही म्हणून तो कधीच नव्हता, असेही म्हणता येत नाही. ऊन, घाम व हाताळणी यांनी तो फिकट होऊन करडा पडतो. मूळ अवस्थेचा पुरावा जेथे प्रकाश व हात पोहोचत नाहीत तेथे शोधावा. मुठीच्या लाकडी फळ्यांखाली तो पुष्कळदा शाबूत सापडतो.

तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, गोष्ट अशी की स्वच्छतेच्या आवडीने हा पुरावा नष्ट होतो. विटेची भुकटी, चिंच किंवा लिंबू यांनी लोखंड लखलखीत करण्याची घरगुती रीत देवघरातील पितळेच्या उपकरणांना शोभते. शस्त्रावरील ऑक्साइडचा थर तिच्या एका हातासरशी निघून जातो. दसऱ्याच्या पूजेसाठी वर्षानुवर्षे घासलेल्या शस्त्रांचा पृष्ठभाग म्हणूनच बहुधा मुका असतो. नोंदवहीत लांबी, वजन व ठसा यांबरोबर पृष्ठभागाची अवस्था लिहावी, रंगीत छायाचित्र घ्यावे, आणि प्रखर उजेड व घासणे ही दोन्ही टाळावीत.

कागदावरील शाई पुसून मग कागदाचे वाचन करू पाहणारा अभ्यासक कोणी नसतो. लोखंडावरील हा पट शाईहून पातळ आहे, आणि कोणत्या भट्टीत, कोणत्या पाण्यात, कोणाच्या हाताखाली तो भाग सिद्ध झाला, याची जी थोडी खूण उरते ती त्यातच आहे. ती वाचण्याची पात्रता येईपर्यंत निदान ती राखणे हे संग्राहकाचे कर्तव्य होय.