गोठ्याबाहेरचं दूध

१९१९ च्या जानेवारीत गांधीजी मुंबईत अंथरुणाला खिळून होते. आदल्या वर्षी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करताना ते मुख्यतः शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबू यांवर राहिले होते. त्यातून आमांश जडला आणि शरीर पार खालावलं. हवापालटासाठी माथेरानला नेलं, तर तिथलं पाणी जड पडलं आणि आठवड्याच्या आत खाली उतरावं लागलं. शेवटी सहकारी शंकरलाल बँकर यांनी डॉ. दलालांना बोलावलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही. गांधीजींनी आपलं व्रत सांगितलं, व्रतामागचं कारणही सांगितलं: गायी-म्हशींवर फुंक्याचे अत्याचार होतात, ते वाचल्यापासून दूध वर्ज्य केलं आहे. जवळच उभ्या असलेल्या कस्तुरबांनी विचारलं, मग शेळीच्या दुधाला काय हरकत? डॉक्टरांनी तो धागा लगेच पकडला.

गांधीजींची शेळी सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्याआधीची सहा वर्षं मात्र फारशी कुणी सांगत नाही. त्या वर्षांत त्यांनी जनावरावाचूनच्या दुधाचा ध्यास घेतला होता, आणि शेळी आल्यावरही तो सुटला नाही. आज शहरी घरांत तीळ, बदाम, ओट्स भिजवून दूध काढलं जातं. त्या खटाटोपाचा आपल्याकडचा सर्वांत प्रामाणिक इतिहास या ध्यासात सापडतो. प्रामाणिक एवढ्यासाठी, की हा प्रयोग त्यांनी स्वतःच्या शरीरावर केला आणि तो फसला तेव्हा फसला असंच लिहून ठेवलं.

दूध सोडलं ते १९१२ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या टॉल्स्टॉय फार्मवर, हर्मन कॅलनबाख यांच्या सोबतीनं. दूध विकार वाढवतं हा विचार त्यांना त्यांचे मार्गदर्शक रायचंदभाई यांच्याकडून आधीच मिळाला होता. निर्णयाला शेवटचा धक्का दिला तो कलकत्त्याहून आलेल्या साहित्यानं. जनावराच्या जननमार्गात हवा फुंकून कासेतला शेवटचा थेंबही ओढून घ्यायचा, ही तिथल्या गवळ्यांची ‘फुंका’ नावाची रीत त्यात वर्णिली होती. त्यानंतर १९१४ मध्ये लंडनमध्ये फुफ्फुसाच्या आवरणाला सूज आली. डॉ. जीवराज मेहतांनी दूध घ्यायला सांगितलं, गोपाळ कृष्ण गोखल्यांनीही गळ घातली. गोखल्यांचा शब्द गांधीजींनी सहसा मोडला नाही. या बाबतीत मोडला.

१९१८ च्या आजारपणात त्यांनी वैद्य, डॉक्टर, शास्त्रज्ञ अशा सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: दुधाच्या जागी काय घेऊ? कुणी मुगाचं पाणी सुचवलं, कुणी मोहाचं तेल, कुणी बदामाचं दूध. हे सगळं करून पाहिल्याचं आणि त्यातल्या कशानंही अंथरुणातून उठता न आल्याचं त्यांनी आत्मकथेत नोंदवलं आहे.

वास्तविक दाण्यांचं, बियांचं दूध ही काही नवी गोष्ट नव्हती. बगदादमध्ये १२२६ मध्ये लिहिल्या गेलेल्या अल-बगदादीच्या पाककृतींच्या ग्रंथात बदामाचं दूध आहे. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या खानसाम्यांचा ‘द फॉर्म ऑफ क्युरी’ हा संग्रह साधारण १३९० चा. त्यात बदामाचं दूध पानोपानी भेटतं. ख्रिस्ती उपासाच्या दिवसांत, विशेषतः ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, मांसाबरोबर दूध, लोणी आणि अंडीही वर्ज्य असत. श्रीमंतांच्या मुदपाकखान्यांत मग बदाम भिजत पडत. दुधाचं नासणं हेही एक कारण होतं. बदाम कोठीत टिकतात आणि हवं तेव्हा वाटता येतात.

आपल्याकडे कोकण आणि गोव्यात नारळानं हेच काम केलं. खोबरं वाटून पहिला दाट रस, मग पाणी घालून दुसरा पातळ रस. सोलकढी, शिरवाळे, खापरोळी यांचं सगळं वैभव त्या रसावर उभं आहे. गायीचं दूध मिळत नाही म्हणून कुणी हा रस काढला नाही. तो स्वतःच्या चवीसाठी काढला गेला, आणि मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

तिळाचं वय तर याहून मोठं. हडप्पाच्या उत्खननात माधो सरूप वत्स यांना जळून गोळा झालेले तीळ सापडले. म्हणजे चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिंधूच्या खोऱ्यात तीळ होता. तिथून तो पश्चिमेला इराक-इजिप्तपर्यंत पोचला, आफ्रिकेत रुजला आणि गुलामांच्या जहाजांबरोबर अटलांटिक ओलांडून गेला. कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावर आजही तीळ भिजवून, वाटून, गाळून, साखर आणि दालचिनी घातलेलं थंड पेय पितात. त्याला ‘ओर्चाता दे आहोनहोली’ म्हणतात. आपल्या शेजारी, उत्तर कन्नडच्या हव्यक घरांत उन्हाळ्यात तीळ वाटून गूळ-वेलदोडा घातलेलं पेय होतं. घाटावर मात्र तिळाचं चटणीत, तिळगुळात, भाकरीवर आणि घाण्यावर भागलं. इथे घरोघरी गाय, म्हैस नाहीतर शेळी होती, तेव्हा तिळाचं दूध काढायची गरजच पडली नसावी.

दूध निघतं कसं, ते एकदा नीट पाहण्यासारखं आहे. वाटीभर गावरान तीळ रात्री पाण्यात घालावेत. सकाळी ते फुगून मऊ होतात आणि तळहातांत चोळले की साल सुटून वर तरंगतं. ते पाणी ओतून द्यायचं, दोन-तीनदा धुवायचं, मग थोड्या पाण्यात आधी गंधासारखं वाटायचं आणि नंतर बाकीचं पाणी घालून पुन्हा फिरवायचं. एका वाटीला चार वाट्या पाणी पुरतं. मलमलीच्या फडक्यातून पिळलं की खाली पांढरंशुभ्र, किंचित कडसर वासाचं दूध आणि हातात ओला चोथा उरतो. पाटा-वरवंट्यावर ते जास्त गुळगुळीत होतं. मिक्सरमध्ये भांडं तापू न देता थांबून थांबून फिरवावं लागतं.

हे पांढरेपण येतं तेलातून. तिळाच्या दाण्यात निम्मं वजन तेलाचं असतं, आणि ते तेल प्रथिनाचं पातळ आवरण असलेल्या अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात साठवलेलं असतं. दाणा पाण्यात चिरडला की हे थेंब न फुटता पाण्यात पसरतात आणि त्यांच्यावरून विखुरणारा प्रकाश आपल्याला दुधासारखा दिसतो. गायीच्या दुधातली चरबीही अशीच थेंबांनी तरंगते. डोळ्यांना म्हणून दोन्ही सारखी वाटतात. शरीराला ती सारखी नाहीत, आणि गांधीजींचा सगळा झगडा याच ठिकाणी होता.

शेळीचं दूध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत डॉ. दलालांनी शस्त्रक्रिया केली, ती यशस्वी झाली, ताकद परत आली. तरी गांधीजींना रुखरुख लागून राहिली. व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस असली तरी व्रताचा आत्मा सगळ्याच दुधाला लागू होता. आपण अक्षर पाळलं, आत्मा नाही, असं त्यांनी लिहिलं. रौलट कायद्याविरुद्ध लढा उभा करायचा होता आणि त्यासाठी जगायचं होतं, हे कारणही त्यांनी लपवलं नाही.

मग शोध पुढे चालू राहिला. अमेरिकेत टस्कीगी संस्थेत जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर शेंगदाण्यापासून दूध काढत होते. १९२१ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे शेंगदाण्याचे पदार्थ मांडताना त्यांनी ते दूधही दाखवलं होतं. गांधीजींचे मित्र सी. एफ. अँड्र्यूज टस्कीगीला जाऊन आले आणि त्यांच्यामार्फत कार्व्हर यांच्या आहारविषयक सूचना गांधीजींपर्यंत पोचल्या. गुलामीत जन्मलेला एक कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ आणि मगनवाडीचा हा प्रयोगवीर यांना शेंगदाण्यानं जोडावं, ही या इतिहासातली फार सुंदर गोष्ट आहे.

मगनवाडी वर्ध्यातली. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार झाले आणि संघाचं ठाणं मगनवाडीत पडलं. झवेरभाई पटेल तिथे तेलाच्या घाण्यात सुधारणा करत होते. वर्धा घाणी हे नाव तिथूनच देशभर गेलं. तीळ, करडई, भुईमूग पिळून तेल एकीकडे आणि पेंड दुसरीकडे, आणि दोन्ही गावातच राहावं, हा त्यामागचा विचार होता. १९३५ मध्ये मगनवाडीच्या पंगतीत सोयाबीन आलं आणि ‘हरिजन’मध्ये त्यावर लेख येऊ लागले. बडोदे संस्थानही त्या वेळी सोयाबीनचा प्रचार करत होतं. स्वस्तात प्रथिनं देणारा दाणा गरिबाच्या ताटात यावा, अशी ती धडपड होती. आज विदर्भात मैलोगणती सोयाबीन दिसतं, पण ते तेलासाठी आणि पेंडीसाठी. पिकवणाऱ्याच्या स्वयंपाकघरात ते अजून फारसं शिरलेलं नाही.

१९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी आरोग्यावर पुस्तिका लिहिली. तीत त्यांनी सरळ कबूल केलं की सहा वर्षं दूध सोडून पाहिलं, पण अनुभवानं असं शिकवलं की शाकाहार पुरा पडायला दूध-दही लागतं. त्याच ठिकाणी त्यांनी आशाही सोडली नाही: वनस्पतींच्या एवढ्या अफाट राज्यात दुधाची जागा घेणारं काहीतरी असेलच, ते शोधणं वैद्यकाचं काम आहे.

या शोधातला शेवटचा प्रसंग नोआखालीतला. जानेवारी १९४७ च्या अखेरीस गांधीजींची शांततेसाठीची पदयात्रा आमकी गावात होती. त्यांची देखभाल करणाऱ्या मनुबेननी दिवसभर खटपट केली, पण शेळीचं दूध मिळेना. गांधीजी म्हणाले, नारळाचं दूध चालेल. आठ औंस दूध त्यांनी घेतलं आणि संध्याकाळपर्यंत जुलाबांनी ते इतके गळून गेले की मनुबेन घाबरून गेल्या. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या सुखानं पचलेला रस सत्त्याहत्तर वर्षांच्या, सवय नसलेल्या पोटाला झेपला नाही. एकाच्या जागी दुसरं दूध, तेवढ्याच मापानं, ही अदलाबदल किती फसवी असते हे त्या दिवशी दिसलं.

वैद्यकानं पुढे खरंच प्रयत्न केले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत व्ही. सुब्रह्मण्यन यांच्या विभागात १९४० च्या दशकात सोयाबीनच्या दुधावर काम झालं. १९५० मध्ये म्हैसूरला केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था निघाली आणि सुब्रह्मण्यनच तिचे पहिले संचालक झाले. त्या काळात दुधाची टंचाई मोठी होती. मुंबईत दारा खुरोडी यांनी १९४६ मध्ये म्हशीच्या दाट दुधात दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून ‘टोन्ड’ दूध काढलं, म्हणजे तेवढंच दूध अधिक माणसांना पुरू लागलं. पुढे १९४९ मध्ये आरे कॉलनी उभी राहिली. म्हैसूरच्या शास्त्रज्ञांनी हाच विचार पुढे नेला. भुकटी परदेशातून आणण्याऐवजी भुईमुगाच्या पेंडीतलं प्रथिन वेगळं काढायचं आणि ते म्हशीच्या दुधात मिसळायचं. या दुधाचं नाव ‘मिल्टोन’. जीवनसत्त्वं घातलेलं हे दूध बंगळूरच्या डेअरीतून मुलांसाठी बाहेर पडलं.

मिल्टोन आज कुणाला आठवत नाही. १९७० मध्ये ऑपरेशन फ्लड सुरू झालं, गावोगावी दूध संस्था उभ्या राहिल्या आणि १९९८ मध्ये भारत दूध उत्पादनात जगात पहिला आला. दूध मुबलक झाल्यावर भुईमुगाच्या दुधाची निकड सरली. संशोधन वाईट होतं म्हणून ते मागे पडलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. दाण्यांच्या प्रथिनावरचं दूध सर्वसामान्य मुलाला पुरेल इतकं कसदार करायचं तर त्याच्यात काय घालावं लागतं, हे त्या माणसांनी मोजून दाखवलं होतं.

ती मोजणी आज घरी तिळाचं दूध काढणाऱ्यांनी विसरू नये. कुणाला दुधातली साखर पचत नाही, कुणी गोठ्यातल्या जनावरांची हालत पाहून दूध सोडतं, कुणाला नुसतीच चव आवडते. तिन्ही कारणं चांगली आहेत. पण ‘तिळात दुधाच्या आठपट कॅल्शियम’ हे जे सांगितलं जातं ते सालासकटच्या कोरड्या तिळाबद्दल खरं आहे. १०० ग्रॅम तिळात सुमारे ९७५ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. साल काढलं की ते ६० च्या आसपास येतं, कारण बहुतेक कॅल्शियम सालातच असतं. बाजारातले पांढरे ‘पॉलिशचे’ तीळ असे सोललेलेच असतात. त्यातले ३० ग्रॅम वाटून केलेल्या पेल्यात वीसेक मिलिग्रॅमही येत नाहीत. तेवढ्याच पेल्यातल्या गायीच्या दुधात २४० च्या पुढे असतात. साल ठेवून वाटलं तर दूध कडवटतं, आणि सालातल्या ऑक्झॅलेटमुळे त्यातलं कॅल्शियम अंगीही कमी लागतं. तिळाच्या प्रथिनात लायसिन हा घटक तोकडा असतो, तो डाळींत भरपूर. तिळाबरोबर जेवणात डाळ हवीच. ब-१२ जीवनसत्त्व कुठल्याच बियांच्या दुधात मुळात नसतं. काहींना तिळाची ॲलर्जीही असते. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून पाकिटावर तिळाचा स्पष्ट उल्लेख करणं सक्तीचं झालं ते त्यासाठीच.

म्हणून तिळाचं दूध हौसेनं करा, त्यात गूळ किंवा खजूर घाला, फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा, खाली साका बसला तर हलवून घ्या. चोथा थालीपिठात किंवा चटणीत जिरतो, तो फेकू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र आईच्या दुधाऐवजी किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या दुधाऐवजी हे कधीही देऊ नका. आणि घरातल्या वाढत्या मुलांचं दूध पूर्ण बंद करणार असाल तर कॅल्शियम आणि ब-१२ कुठून येणार, हे आधी डॉक्टरांना विचारून घ्या.