पाढे म्हणून घेणारे घर

प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या अभ्यासाकडे घरचे लक्ष देत नाहीत, ही तक्रार शिक्षकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या बोलण्यात इतकी रुळली आहे की तिला पुरावा मागण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. विक्रोळीसारख्या कामगार वस्तीबद्दल तर ती हमखास होते. बाप पाळीवर, आई चार घरी कामाला, मग मुलाची वही बघणार कोण, असा तिचा सूर असतो. गेल्या साठ-पासष्ट वर्षांचा इतिहास मात्र वेगळीच गोष्ट सांगतो. घराचे लक्ष कमी झाले नाही. घराला जे येत होते त्याची किंमत शाळेने एकेक करून काढून घेतली, आणि त्या बदल्यात घराने काय करायचे हे बराच काळ कोणी सांगितले नाही.

विक्रोळी ही मुळात एका मालकाची जमीन. १८३५मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने हे गाव फ्रामजी कावसजी बनाजींना दिले, आणि १९४०च्या दशकात तिथला मोठा हिस्सा पिरोजशा गोदरेज यांनी घेतला. १९५०मध्ये बृहन्मुंबईची हद्द भांडुपपर्यंत गेली तेव्हा विक्रोळी महापालिकेत आली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या बऱ्याच मतपेट्या इथल्याच गोदरेजच्या कारखान्यात बनल्या, आणि कारखान्याला माणसे लागली तशी वस्ती वाढली. पूर्वेला गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती झाल्या. त्यांपैकी कन्नमवार नगराला नाव मिळाले ते १९६३मध्ये पदावर असतानाच वारलेल्या मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवारांचे. टागोर नगर त्याच बाजूला. पश्चिमेला पार्कसाइटच्या डोंगरउतारावर सूर्यानगर, वर्षानगर अशी झोपड्यांची दाटी झाली. गोदरेजच्या कामगारांसाठी पिरोजशानगर होते आणि त्यांच्या मुलांसाठी १९५५मध्ये सुरू झालेली उदयाचल शाळा. म्हणजे एकाच स्टेशनाच्या दोन्ही अंगांना तीन तऱ्हेची घरे होती. काही मुलांच्या शिक्षणाचा भार मालकाने उचललेला, काहींचा महापालिकेच्या शाळेने, आणि काहींच्या बाबतीत पाणी येण्याची वेळ आणि शाळेची वेळ यांचा मेळ घालण्यातच घराची निम्मी शक्ती खर्च व्हायची.

कन्नमवार नगरातला जुना गाळा दोनशे चौरस फुटांच्या आसपासचा. त्यात पाच-सहा माणसे, आणि बाप दुसऱ्या पाळीला असला तर तो मध्यरात्री परतणार. तिसऱ्या पाळीचा असला तर दिवसा झोपणार, म्हणजे मुलांनी मोठ्याने वाचायचे नाही. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या या कुटुंबांतल्या बायका शिकलेल्या असण्याचा संभव कमीच. १९६१च्या जनगणनेत महाराष्ट्रात पाच स्त्रियांमागे जेमतेम एक साक्षर होती. मुंबईचा आकडा याहून बरा, पण नव्या वस्तीत आलेली पिढी मुंबईत वाढलेली नव्हती. अशा घरात ‘अभ्यास घेणे’ म्हणजे काय होते? दिवेलागणीला मुलांना एका ओळीत बसवून परवचा म्हणून घेणे: शुभं करोति, मग वार, महिने, मग पाढे. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून किंवा गावच्या जत्रेतून आणलेली अंकलिपी हे त्या घरातले एकमेव क्रमिक पुस्तक असायचे. वाचता न येणाऱ्या आईलाही पाढा तपासता यायचा, कारण चुकलेल्या पाढ्याची लय तुटते आणि लय कानाला कळते. ज्याला पुढे ‘पालकांचा सहभाग’ असे भारदस्त नाव मिळाले, तो या घरांत अक्षरओळख नसतानाही चालत होता.

या व्यवस्थेला पहिला धक्का शिक्षण खात्याने दिला नाही. तो टांकसाळीतून आला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धतीचे नवे पैसे चलनात आले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर. तीन आण्याला शेर असलेला गूळ सव्वा शेर घेतला तर पावणेचार आणे होतात, हे सवायकी पाठ असलेले पोर दुकानदाराच्या आधी सांगायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी ही सगळी अपूर्णांकांची पाठांतरे पंतोजींच्या शाळेपासून चालत आलेली, आणि त्यांचा उपयोग रोजच्या बाजारात होता. म्हणून शाळेत न गेलेल्या माणसालाही त्यांतले बरेच काही यायचे. पुढच्या पाच वर्षांत किलो आणि लिटरही सक्तीचे झाले. कन्नमवार नगराच्या इमारती ज्या दशकात भरत होत्या, त्याच दशकात तिथल्या आजोबांचे आणि मावश्यांचे गणित बाजारातून हद्दपार झाले, आणि बाजारातून गेले म्हणून शाळेतूनही गेले. कोणी म्हणेल, दशमान पद्धत सोपी आहे, मग तक्रार कसली? सोपी आहे, यात वाद नाही. पावकी-दीडकी पुन्हा आणा असे म्हणणेही वेडेपणाचे. मुद्दा इतकाच की त्या बदलाने शिकणाऱ्याचे ओझे हलके केले आणि शिकवणाऱ्या घराचे भांडवल बुडवले. पहिल्या गोष्टीची जाहिरात झाली. दुसरीची नोंदही कुठे झाली नाही.

दुसरा धक्का हळू होता. चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा (मधली काही वर्षे ती पाचवीला होती) आणि तिच्यामागून आलेली मार्गदर्शके यांनी उत्तराला एक ठरावीक साचा दिला. १९५९मध्ये मुंबईत सुरू झालेल्या नवनीतची पुस्तके घरोघरी पोहोचली ती याच वाटेने. त्यात वाईट काही नाही. अंकलिपी विकत घेणारे घरच पुढे गाईड विकत घेऊ लागले. पण अंकलिपी आईच्या मांडीवर उघडायची, गाईड मुलगा एकटा उघडायचा.

तिसरा धक्का भाषेचा. पूर्वी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे, २०००पासून ती पहिलीत आली. त्याच सुमारास लालबहादूर शास्त्री मार्गाच्या पट्ट्यातले कारखाने आटत होते आणि कामगाराच्या मुलाने कामगार होऊ नये ही इच्छा इंग्रजी माध्यमाच्या प्रवेशात उतरत होती. मराठी सातवी झालेली आई ‘बे एके बे’ म्हणून घेऊ शकत होती. ‘टू टू जा फोर’ची लयही तिच्या कानाला कळली असती, पण शब्दांत मांडलेले उदाहरण, पर्यावरणाचा धडा, कवितेखालचे प्रश्न? तिथे तिचे शिक्षण चालेना. म्हणून पहिली-दुसरीपासून शिकवणी लागली. शिक्षकांनी खासगी शिकवण्या घेऊ नयेत असे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचे २८वे कलम सांगते, पण कन्नमवार नगरात किंवा पार्कसाइटला लहान मुलांची शिकवणी शिक्षक क्वचितच घेतो. ती घेते बारावी किंवा पदवीला असलेली शेजारची ताई, स्वतःच्या घरातली सतरंजी पसरून. तिला महिन्याचे पैसे देणाऱ्या घराबद्दल ‘लक्ष देत नाही’ असे म्हणणे मला तरी न्याय्य वाटत नाही. लक्ष आहे, फक्त ते घरातून करता येईना म्हणून विकत आणले आहे.

२०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले तेव्हा विधानसभेपर्यंत गदारोळ झाला. त्यामागचा विचार टाकाऊ नव्हता. मराठीत एकवीस म्हणताना एकक आधी येते आणि लिहिताना दशक आधी लिहावे लागते, शिवाय त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर अशी जोडाक्षरी नावे सात वर्षांच्या मुलाला जड जातात. दक्षिणेकडच्या भाषांत दशक आधी म्हणतात, आणि मंगला नारळीकर यांच्यासारख्या गणितज्ञांनी या बदलाचा पाठपुरावा केला होता. तरीही लोक चिडले, आणि त्या चिडण्याची बहुतेकांनी भाषाभिमान म्हणून वासलात लावली. मला त्यात दुसरे काही दिसते. पावकी गेली, माध्यम गेले. आई-आजीला म्हणून घेता येईल असे उरले होते ते एक ते शंभर. त्यालाही हात लागला तेव्हा घर बोलले.

यावर एक आक्षेप जड आहे. परवचा म्हणजे घोकंपट्टी, आणि घोकंपट्टीविरुद्ध महाराष्ट्रात ताराबाई मोडकांनी आयुष्य वेचले. गिजुभाई बधेकांसह त्यांनी १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला, पुढे बोर्डी आणि कोसबाडला अंगणवाडीची कल्पना रुजवली, ती याच समजुतीने की मूल करून शिकते, रटून नाही. हे खरे आहे. परवचा चांगले शिक्षण होते असा माझा दावाही नाही. पंतोजींच्या शाळेत बहुसंख्य जातींच्या मुलांना आणि जवळजवळ सगळ्या मुलींना जागा नव्हती, हेही विसरून चालणार नाही. पण ताराबाईंनी अंगणवाडी नेली ती मुलांच्या अंगणात, घराशेजारी. पद्धत बदलताना त्यांनी घराला सोबत घेतले. शहरी शाळेने पद्धतही बदलली आणि घराला दाराबाहेर उभे केले. १९९३च्या यशपाल समितीने प्राथमिक वर्गांना गृहपाठ नको, द्यायचाच तर घराभोवतालचे जग धुंडाळायला लावणारा द्या, असे सुचवले होते. त्यातला पहिला भाग सगळ्यांच्या लक्षात राहिला, दुसरा कोणी फारसा अमलात आणला नाही.

दुसरा आक्षेप आकडेवारीतून येतो: शिकलेल्या आईचे मूल शाळेत पुढे असते, मग न शिकलेल्या घराचे कौतुक कशाला? आईचे शिक्षण मुलाला लाभते हे निर्विवाद. प्रश्न असा की पहिली ते चौथीच्या मुलाला हात द्यायला किती शिक्षण पुरते. याचे एक उत्तर मुंबईच्याच महापालिका शाळांतून मिळाले आहे. १९९४च्या सुमारास इथल्या वस्त्यांत काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ या संस्थेने बालसखी नेमल्या. त्या वस्त्यांतल्याच, माध्यमिक शाळा झालेल्या तरुण मुली होत्या, आणि तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांना त्या रोज दोन तास वेगळे बसवून अक्षर आणि बेरीज-वजाबाकी शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि बडोद्यात या उपक्रमाची तपासणी केली. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मुलांचे गुण स्पष्ट वाढलेले दिसतात, आणि मदत थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराचसा फायदा ओसरलेलाही दिसतो. दोन्ही गोष्टी माझ्या मुद्द्याला उपयोगी आहेत. सुरुवातीच्या इयत्तांना पदवीधर पालक लागत नाही, शेजारची ताई पुरते. पण ती रोज लागते, आणि तिच्या कामाची मुळे घरात-गल्लीत नसतील तर उपक्रम संपला की काम संपते.

२०२०मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा सरकारला घराची आठवण झाली. सह्याद्री वाहिनीवरची ‘टिलीमिली’ ही मालिका बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर बेतली होती, पण घरातल्या वस्तू घेऊन घरच्या माणसांसोबत करायच्या कृती तिच्या केंद्रस्थानी होत्या. २०२२च्या ‘पहिले पाऊल’ अभियानात पहिलीत येणाऱ्या मुलांच्या आयांचे गट केले गेले. डाळ-तांदळाचे दाणे मोज, भांडी लहान-मोठी लाव, आज बाजारात काय पाहिले ते सांग, अशी कामे आयांच्या हाती दिली गेली. त्यासाठी आईला इंग्रजी यावे लागत नाही, वाचताही यावे लागत नाही. या गटांतल्या कामात आणि दिवेलागणीच्या परवच्यात वरवर काही साम्य नाही. एकात पाठांतर, दुसऱ्यात कृती. तरी दोन्हींत पुढाकार घराकडे आहे आणि दोन्ही तपासायला घराचे कान-डोळे पुरतात. अडचण पहिलीनंतरची आहे. तिसरीच्या वर्गातला भागाकार आणि चौथीतला इंग्रजी उतारा येईपर्यंत या गटांनी आयांना काय द्यायचे, हे ठरलेले नाही. आणि कन्नमवार नगरात आता पुनर्विकासाचे उंच टॉवर उभे राहत असताना, ज्या गॅलरीत शेजारच्या ताईची सतरंजी पसरायची ती गॅलरी नव्या नकाशांत कुठे आहे, हेही एकदा नकाशा काढणाऱ्यांना विचारायला हवे.