रॉडच्या ब्रेकपासून एका बोटापर्यंत

हाइल हे मुळात उंटांच्या वाटेवरचे गाव. कूफाहून मक्केला जाणारा हाजींचा जुना रस्ता, दर्ब झुबैदा, याच भागातल्या फैद गावावरून जात असे. गरट्रूड बेल ही इंग्रज प्रवासी १९१४ साली येथे आली तीही उंटावरूनच. रिचर्ड बुलिएट या अमेरिकन इतिहासकाराने १९७५ साली एक संपूर्ण ग्रंथ लिहून असे मांडले की, या प्रदेशात चाक ठाऊक नव्हते असे नाही. उंट इतका परवडू लागला की गाडी मागे पडली. त्यामुळे 'उतारावर चाक आवरायचे कसे' हा प्रश्न इथे शतकानुशतके फारसा पडलाच नसावा. आपल्या घाटांत मात्र तो बैलगाडीवाल्यालाही पडला आणि पुढे सायकलवाल्यालाही.

ज्यांचे बालपण साठ-सत्तरच्या दशकात पुण्यात, सांगलीत किंवा नगरला गेले, त्यांना ती काळी सायकल आठवत असेल. हिंद, रॅले, हर्क्युलिस, ॲटलस, हिरो. नावे वेगळी, घडण एकच. हँडलच्या खाली दुसऱ्या हँडलासारखा एक रॉड. तो चारही बोटांनी वर ओढायचा. मग ती ओढ सांध्यासांध्यांतून खाली पोहोचायची आणि दोन रबरे रिमला आतल्या बाजूने जाऊन टेकायची. कोरड्या रस्त्यावर हे ठीक चाले. पावसाळ्यात लोखंडी रिम ओली झाली की रबर नुसते घसरायचे, आणि मग चप्पल रस्त्यावर घासणे हा आपला खरा ब्रेक! नळीखालून पाय घालून सायकल शिकणाऱ्या पोराचा हात तर त्या रॉडपर्यंत धड पोहोचतही नसे. तरीही या ब्रेकला नावे ठेवणे मला पटत नाही. त्यात तुटायला वायर नव्हती, आणि एक पाना व एक हातोडी असलेला कोणताही पंक्चरवाला तो दहा मिनिटांत सरळ करून देई. दुधाचे कॅन लादलेली सायकल रोज रस्त्यावर राहण्यासाठी तेच महत्त्वाचे होते.

या सायकलीला गिअर नव्हते, पण ते शोध लागला नव्हता म्हणून नव्हे. चाकाच्या आत तीन गिअर बसवणारी स्टर्मी-आर्चरची रचना इंग्लंडमध्ये १९०२ सालीच आली होती. फ्रान्समध्ये पॉल द व्हिव्ही हे गृहस्थ तर गिअरचा प्रचार करत डोंगर चढत-उतरत असत. पण 'टूर द फ्रान्स' सुरू करणारे आंरी देग्रांज यांचे मत असे की गिअर म्हणजे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांचे काम. मर्दाने एकाच गिअरवर घाट चढावा! या हट्टापायी तिथल्या शर्यतीत चेन उचलून दुसऱ्या चाकीवर टाकणारे गिअर १९३७ साली कुठे मान्य झाले. आपल्याकडे कारण हट्टाचे नव्हते, किमतीचे आणि बंद बाजारपेठेचे होते. मुंबई-पुणे शर्यतीत बोर घाटात पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणत आणि त्याचे कौतुक वर्तमानपत्रांत येई. पण सर्वसामान्य माणूस घाट आला की खाली उतरून सायकल ढकलत असे, आणि त्यात त्याला काही कमीपणाही वाटत नसे.

माउंटन बाइकचा जन्म मात्र घाट चढण्यातून नव्हे, उतरण्यातून झाला. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरिन परगण्यात काही तरुण १९७६ सालच्या ऑक्टोबरपासून जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन एका डोंगरावरून खाली शर्यत लावू लागले. त्या सायकलींना पायडल उलटे दाबले की लागणारा ब्रेक होता. तो इतका तापे की चाकातले ग्रीस जळून धूर निघे आणि दर खेपेनंतर नवे ग्रीस भरावे लागे. त्यावरूनच त्या उताराचे नाव 'रीपॅक' पडले. मग या मंडळींनी मोटरसायकलचे ब्रेक-लिव्हर आणून बसवले, गिअर बदलायची खुंटी अंगठ्याखाली घेतली, आणि हात हँडलवरून न काढता दोन्ही कामे होऊ लागली. माझ्या मते माउंटन बाइकचा खरा शोध हाच. जाड टायर तर आधीही होते.

पुढचा भाग जपानमधल्या साकाई गावात घडला. सुऱ्या-चाकूंसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात १९२१ साली शिमानो यांनी फ्रीव्हील बनवायला सुरुवात केली. त्यांच्या कंपनीने १९८४ साली 'टक्' आवाजासरशी नेमक्या चाकीवर चेन नेणारा गिअर काढला. त्याआधी कानाने अंदाज घेत खुंटी हलवावी लागे. १९९६ साली त्यांचाच व्ही-ब्रेक आला: लांब भुजांचा, त्यामुळे दोन बोटांत रिम धरणारा. त्यानंतर तेलाच्या दाबावर चालणारा डिस्क ब्रेक रुळला आणि एक बोट पुरे झाले. चार बोटांवरून एका बोटावर आलो, याचा अर्थ एवढाच की आता सायकलीचा उतार मनगटात जोर असलेल्यांपुरता राहिला नाही. मुले, स्त्रिया, साठीचे आजोबा, सगळ्यांना तो खुला झाला.

सौदी अरेबियात स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न केवळ मनगटाचा नव्हता. हैफा अल-मन्सूर यांच्या २०१२ सालच्या 'वज्दा' चित्रपटातली मुलगी एका हिरव्या सायकलीसाठी झगडते. बागांमधून, अबाया घालून व पुरुष नातलग बरोबर असताना स्त्रियांना सायकल चालवता येईल, ही बातमी त्यानंतर २०१३ साली आली.

आता अजा डोंगराच्या पायथ्याशी मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. ग्रॅनाइटचा भुगा आणि बारीक वाळू वायरच्या नळीत शिरली की ब्रेक आणि गिअर दोन्ही जड होतात. तेलाच्या ब्रेकला ही अडचण नाही. पण स्वस्तातल्या डिस्कपेक्षा चांगला व्ही-ब्रेक केव्हाही बरा. तेलाचा ब्रेक असेल तर गाडीत घालण्यासाठी चाक काढल्यावर लिव्हर दाबू नये, आतले पॅड एकमेकांना चिकटतात. शिमानोच्या ब्रेकला खनिज तेल लागते, काही कंपन्यांना मोटारीच्या ब्रेकचे. अदलाबदल केली की आतली रबरे खराब होतात. आणि शिवणयंत्राचे तेल सगळीकडे सोडायची आपली घरोघरची सवय डिस्कच्या बाबतीत कटाक्षाने सोडावी.

गिअरमध्ये पुढे एकच चाकी आणि मागे दहा-अकरा, ही अलीकडची पद्धत मुलांना सोपी. डाव्या हाताला कामच उरत नाही. मूठ पिळून बदलायचे गिअर घामेजल्या हातात निसटतात. हाइलची उंची सुमारे एक हजार मीटर, हिवाळ्यातल्या पहाटे बोटे आखडतात. म्हणून दुकानातच मुलाला लिव्हर दाबायला लावावे. पोहोचत नसेल तर बहुतेक लिव्हरजवळ एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर मुठीजवळ येतो. आणखी एक, भारतात सहसा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, अमेरिकेत आणि युरोपच्या बऱ्याच भागात डाव्या. सुट्टीत आजोळी एका सायकलीवर आणि इथे दुसऱ्या सायकलीवर बसणाऱ्या मुलाला हे उतार लागण्याआधी, सपाट जागी, दोन-तीनदा दाबून दाखवावे.